दुष्काळ, बंड आणि समेट

एकत्र कुटुंबांत धाकटा भाऊ वेगळें निघण्याची भाषा बोलूं लागला, म्हणजे घरांतील वडील माणसें प्रथम त्याच्या उद्धटपणाविषयीं बोलतात. त्याच्या ताटांत गेलीं चार वर्षें काय पडत होतें, याची चौकशी बहुधा मागाहून होते. पुष्कळ ठिकाणीं तीहि होत नाहीं. राष्ट्र म्हणजे कुटुंब नव्हे, हें आम्ही जाणून आहों. कुटुंबांत तोफा नसतात व तुरुंगहि नसतात. तथापि आपल्याच सीमेच्या आंत आपल्याच लोकांनीं शस्त्र उचललें असतां सरकारनें काय करावें, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस हा ताटाचा प्रश्न आठवल्यावांचून राहत नाहीं. या महिन्यांत त्याचा विचार एका खऱ्या इतिहासाच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा इतिहास आपल्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यांतील मिझोरामचा आहे. त्याच्या आरंभीं व अखेरीस दिल्लीच्या दरबारांत आपल्या महाराष्ट्राचा एकेक मनुष्य उभा आहे. एवढ्यासाठीं तरी तो आपल्या घरांत माहीत असावा.

आज ज्यास मिझोराम म्हणतात तो मुलुख स्वातंत्र्यानंतर सुमारें २५ वर्षें आसाम राज्याचा एक जिल्हा होता. इंग्रजी अमदानींत त्यास लुशाई हिल्स म्हणत. १९५४ सालीं त्याचें नांव मिझो हिल्स झालें. पूर्वेस ब्रह्मदेश, पश्चिमेस तेव्हांचा पूर्व पाकिस्तान, आणि मध्यें उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरांच्या रांगा. लोक उतारावरील बांबूचें रान तोडून जाळीत, त्या राखेंत भात पेरीत, आणि पुढील वर्षीं दुसरा उतार धरीत. आपल्या सह्याद्रींत जिला कुमरी म्हणत, तशीच ही फिरती शेती. तिकडे तिला झूम म्हणतात. अशा शेतीस माणसामागें पुष्कळ जमीन लागते व वस्ती विरळ असावी लागते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

या रानांतील मुख्य जातीच्या बांबूस सुमारें ४८ वर्षांनीं एकदां, सर्व डोंगरांवर एकाच सुमारास फुलोरा येतो. मागून फळें धरतात आणि बांबू वाळून जातो. तीं फळें खाऊन उंदरांची वीण बेसुमार वाढते. फळें संपलीं कीं त्यांच्या झुंडी उभ्या भातांत व कणग्यांत शिरतात, आणि एका रात्रींत शेत साफ होतें. या आपत्तीस मिझो भाषेंत माउताम असें नांव आहे. १९११ सालीं ती येऊन गेली होती. म्हणून १९५९ च्या सुमारास ती पुन्हां येणार, हें तिकडच्या म्हाताऱ्या माणसांस पाठ होतें. बांबूला फुलें आलीं तर दुष्काळ पडतो, असें आपल्याकडील आज्याहि म्हणत असत. परंतु तिकडे ती केवळ समजूत नसून पिढ्यांचा अनुभव होता.

१९५८ च्या ऑक्टोबरांत मिझो लोकांच्या जिल्हा मंडळानें रीतसर ठराव केला कीं, दुष्काळ येऊं घातला आहे. तरी आसाम सरकारनें १५ लाख रुपये मंजूर करून रस्त्यांचीं व मदतीचीं कामें आधींच सुरू करावीं. शिलाँगच्या कचेरींत तो ठराव डोंगरी लोकांच्या भोळेपणाचा नमुना समजून बाजूस ठेवण्यांत आला. फुलें आणि भूक यांचा संबंध तेथील सुशिक्षित अधिकाऱ्यांस पटला नाहीं. अडाणी माणूस जें अनुभवानें जाणतो, तें आपल्या पुस्तकांत नाहीं म्हणून खोटें, हा दोष केवळ शिलाँगचा नव्हे. आपल्या माजघरापासून आपल्या कचेऱ्यांपर्यंत तो सर्वत्र आढळतो. पुढील वर्षीं बांबू फुलला, उंदीर आले आणि भात गेलें. लोकांस रानांतील कंदमुळांवर दिवस काढावे लागले. सरकारी मदत निघाली, परंतु उशिरा निघाली आणि अपुरी निघाली. रस्तेच नव्हते, त्यामुळें निघालेलें धान्यहि आंतील खेड्यांपर्यंत वेळेवर पोंचेना.

त्या वेळीं तरुणांनीं एक संस्था काढली. मिझो राष्ट्रीय दुष्काळ आघाडी, असें तिचें नांव. पाठीवर तांदळाच्या गोण्या घेऊन हे तरुण डोंगर चढत व खेड्याखेड्यांतून वांटप करीत. जिल्हा मंडळाच्या कचेरींत हिशेबाचें काम करणारा लालडेंगा नांवाचा गृहस्थ त्यांचा पुढारी होता. १९६० सालींच आसाम सरकारनें आसामी ही राज्यभाषा ठरविली, तेव्हां डोंगरी लोकांच्या मनांत आणखी एक कांटा रुतला. दुष्काळ ओसरल्यावर, १९६१ च्या ऑक्टोबरांत, त्या संस्थेच्या नांवांतील दुष्काळ हा शब्द गळला आणि नुसती मिझो राष्ट्रीय आघाडी राहिली. ज्यांनीं घरीं तांदूळ आणून दिला, त्यांचा शब्द लोकांनीं ऐकला, यांत नवल नाहीं. आतां ते स्वतंत्र मिझो राष्ट्र मागूं लागले, आणि सीमेपलीकडून पूर्व पाकिस्तानांत त्यांस शस्त्रें व शिक्षणहि मिळूं लागलें.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्रीं बंडाचा भडका उडाला. ऐजॉल, लुंगलेइ, चंफाई येथील ठाण्यांवर व खजिन्यांवर एकाच वेळीं हल्ले झाले, आणि १ मार्च रोजीं आघाडीनें स्वातंत्र्याची घोषणा केली. असें झालें असतां कोणतेंहि सरकार हात जोडून बसूं शकत नाहीं, आणि बसूंहि नये. ज्या सरकारास आपला खजिना, आपली चौकी व तेथें नेमलेला शिपाई यांचें रक्षण करतां येत नाहीं, त्याच्या राज्यांत दुर्बळास जगणें अशक्य होतें. २ मार्च रोजीं तो मुलुख अशांत जाहीर झाला, सैन्य निघालें, आणि महिना संपण्यापूर्वीं सर्व मुख्य ठाणीं परत घेण्यांत आलीं. येथपर्यंत सरकारास दोष देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

परंतु त्याच आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडली. ऐजॉल येथील ठाण्यास वेढा पडला होता, आणि हेलिकॉप्टरनें कुमक उतरविण्याचा यत्न बंडखोरांच्या गोळीबारामुळें फसला होता. तेव्हां भारतीय वायुदलाचीं लढाऊ विमानें धाडण्यांत आलीं. ५ मार्च १९६६ रोजीं त्यांनीं ऐजॉल शहरावर गोळ्या झाडल्या व बाँब टाकले. भरवस्तीचे मोहल्ले जळून गेले, आणि लोक मुलेंबाळें घेऊन रानांत पळाले. स्वतंत्र भारताच्या सरकारनें आपल्याच एका शहरावर विमानांतून मारा केल्याचें हें एकच उदाहरण आहे. विमानें माणसें व रसद टाकण्यासाठीं पाठविलीं होतीं, असें सरकारतर्फे तेव्हां सांगण्यांत आलें. आसामच्या विधानसभेंतील डोंगरी सभासदांनीं जळालेली वस्ती पाहून येऊन सभागृहांत निराळी हकीकत सांगितली. इंदिरा गांधींस पंतप्रधान होऊन तेव्हां दीड महिनाहि झाला नव्हता. संरक्षणखातें आपल्या यशवंतराव चव्हाणांकडे होतें. १९६२ च्या पराभवानंतर सैन्याची घडी पुन्हां बसविणारे म्हणून आपण त्यांचें नांव योग्य अभिमानानें घेतों. तें घेतांना हें पानहि झांकून ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें. या माऱ्याचा उल्लेख २०२३ च्या ऑगस्टांत लोकसभेंत झाला, तेव्हां आपल्यापैकीं पुष्कळांस तो नवीनच वाटला असेल. मिझोरामांत मात्र तो दिवस प्रतिवर्षीं पाळला जातो.

ठाणीं परत मिळालीं, पण बंडखोर रानांत शिरले. खेडें त्यांस अन्न देई, कांहीं प्रीतीनें व कांहीं भीतीनें. तेव्हां खेडींच उचलावीं, असा विचार निघाला. इंग्रजांनीं १९५० नंतर मलायांत साम्यवादी बंडाशीं लढतांना रानाकांठच्या चिनी वस्त्या उठवून कुंपणांत आणल्या होत्या. तोच धडा येथें गिरविण्यांत आला. १९६७ च्या जानेवारीपासून मिझो खेडीं उठवून मुख्य रस्त्यांच्या कडेनें वसविण्यास आरंभ झाला. तेव्हां यशवंतराव गृहमंत्री झाले होते. पुढील तीन-चार वर्षांत एकंदर ७६४ खेड्यांपैकीं ५१६ खेडीं रिकामीं करून ११० ठिकाणीं कोंबण्यांत आलीं. केवळ १३८ खेडीं होतीं तशीं राहिलीं. दर पांच माणसांपैकीं चार आपल्या घरांतून उठलीं. पाठीवर मावेल तेवढें सामान घ्यावयाचें. मागें राहील तें घर जाळावयाचें, आणि बंडखोरांच्या हातीं पडूं नये म्हणून उरलेलें धान्यहि जाळावयाचें, अशी रीत होती. नव्या जागेस संरक्षित व प्रगतिशील खेडें असें गोंडस नांव दिलें होतें. भोंवतीं कुंपण, दारावर पहारा, नांवांची हजिरी, रात्रीं बाहेर पडण्यास बंदी, आणि शेतावर जावयाचें तर परवाना.

आतां झूम शेतीची ती गोष्ट वाचकांनीं आठवावी. विरळ वस्ती व पुष्कळ उतार यांवर जी शेती चालते, ती दहा खेडीं एका कुंपणांत आणल्यावर चालावी कशी? जवळचे उतार दोन-तीन वर्षांत थकले. दूरच्या उतारावर जावें तर संध्याकाळच्या आंत परत येणें होईना. जे आपल्या कणगींतील भात खात होते, ते सरकारी शिध्याच्या रांगेंत उभे राहिले. मलायांतील त्या वस्त्यांत मोलमजुरी करणारे लोक पुष्कळ होते. येथें पिढीजात गांवकरी होते. नकल करणारानें एवढाहि भेद पाहिला नाहीं. आठ वर्षांपूर्वीं ज्या लोकांस वेळेवर तांदूळ पोंचविणें जमलें नव्हतें, त्यांच्याच कोठारांस आतां आग लागली, हें आमच्या मनास फार लागतें. पेटत्या धान्याकडे पाहत उभ्या राहिलेल्या गृहिणीस त्या क्षणीं आपलें सरकार आणि परकें सरकार यांत कोणता भेद दिसला असेल? आपल्या घरांत सांडलेला शीतहि पायाखालीं येऊं देत नाहींत. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर आमच्या वाचकभगिनींस आमच्यापेक्षां अधिक चांगलें देतां येईल.

बंडखोरांचे हातहि स्वच्छ होते असें नाहीं. सरकारास साह्य करणाऱ्या मिझो लोकांस त्यांनीं ठार मारलें. १९७५ च्या जानेवारींत ऐजॉल येथें कचेरींत शिरून तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांस गोळ्या घातल्या. १९७९ सालीं बाहेरून आलेल्या लोकांस मुलुख सोडून जाण्याच्या नोटिसा दिल्या. बंदूक हातीं आली म्हणजे न्याय्य गाऱ्हाण्याचेंहि तेज जातें, हें येथें स्पष्ट दिसलें. या दोहोंच्या मध्यें सामान्य मनुष्य भरडला गेला: दिवसा शिपायाचा संशय, रात्रीं बंडखोराची मागणी.

मग हें मिटलें कसें? १९७१ च्या डिसेंबरांत बांगला देश झाला आणि बंडखोरांचा आश्रय तुटला. सैन्याच्या दाबाचा हा भाग नाकारतां येत नाहीं. पण दाब तेथेंच थांबला नाहीं, त्यामागून देणेंहि आलें. २१ जानेवारी १९७२ रोजीं मिझोराम आसामपासून निराळा होऊन केंद्रशासित प्रदेश झाला. त्यास स्वतःची विधानसभा मिळाली. तेथील ख्रिस्ती धर्ममंडळींनीं दोन्ही बाजूंस समेटाचा उपदेश चालू ठेवला. ब्रिगेडियर सायलो हे सैन्यांतून निवृत्त झालेले मिझो गृहस्थ. त्यांनीं १९७४ सालीं मानवी हक्कांची समिति काढून सैन्याच्या अत्याचारांचीं गाऱ्हाणीं सनदशीर रीतीनें मांडलीं, आणि पुढें ते मुख्यमंत्रीहि झाले. शस्त्र न उचलतां गाऱ्हाणें मांडतां येतें व तें ऐकलें जातें, हें लोकांस त्यांच्या उदाहरणानें दिसलें. १९७६ सालीं लालडेंगाशीं एक करार झाला, तो टिकला नाहीं. बोलणीं मोडलीं, पुन्हां जुळलीं, पुन्हां मोडलीं. तरी दार कायमचें लावून घेतलें नाहीं, याचें श्रेय दिल्लीस दिलें पाहिजे.

३० जून १९८६ रोजीं दिल्लींत अखेरचा करार झाला. राजीव गांधी तेव्हां पंतप्रधान होते. भारत सरकारतर्फे गृहसचिव राम प्रधान यांनीं सही केली. हे प्रधान आपल्या महाराष्ट्राचे, आणि १९६२ नंतर यशवंतराव संरक्षणमंत्री असतांना त्यांचे खासगी सचिव. सरकारी नोकरींतील त्यांचा तो शेवटचा दिवस होता. आघाडीनें शस्त्रें खालीं ठेवावीं, फुटून निघण्याची मागणी सोडावी व राज्यघटना मान्य करावी. सरकारनें मिझोरामास पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा, असें ठरलें. मिझो लोकांचे धार्मिक व सामाजिक आचार, त्यांचा परंपरागत कायदा व जमिनीची मालकी यांस लागू होणारा संसदेचा कायदा तेथील विधानसभेच्या संमतीवांचून तेथें चालणार नाहीं, असें कलम घटनेंत घालण्यांत आलें. याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. निवडून आलेले मुख्यमंत्री लाल थनहौला यांनीं आपली जागा लालडेंगाकरितां मोकळी करून दिली, आणि स्वतः त्याच्या हाताखालीं दुय्यम पद पत्करलें. भाऊबंदकी मिटविण्यासाठीं वडील भावानें मानाचा पाट सोडून बाजूस बसावें, तसें हें झालें. २० फेब्रुवारी १९८७ रोजीं मिझोराम भारताचें २३ वें राज्य झालें.

येथें आमच्या वाचकांपैकीं कांहीं जण विचारतील, कीं बंड करणारास मुख्यमंत्रिपद मिळतें असें दिसलें, तर उद्यां जो तो बंड करील. हें औषध रोगापेक्षां वाईट नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु दिलें काय, तें नीट पाहावें. बंडानें मागितलें होतें स्वतंत्र राष्ट्र. तें मिळालें नाहीं. मिळालें तें लोकांनीं बंडापूर्वींच मागितलेलें: आपल्या जमिनीची, चालीरीतींची व शब्दाची किंमत. आणि पुढें काय झालें, तेंहि पाहावें. लालडेंगानें फेब्रुवारी १९८७ ची निवडणूक जिंकली. १९८८ सालीं पक्ष फुटून त्याचें मंत्रिमंडळ पडलें. १९८९ च्या जानेवारींत मतदारांनीं त्यास पाडलें. तो पुन्हां रानांत गेला नाहीं. वीस वर्षें बंदुकीनें जो हलला नाहीं, तो मतपेटीनें हलला, आणि त्यानें तें मान्य केलें. १९९० सालीं तो वारला. करार मात्र टिकला, आणि देशांतील अनेक करार मोडले असतां तो टिकला.

आपल्या जुन्या राजनीतींत साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले आहेत. दंड शेवटीं सांगितला, तो निरुपयोगी म्हणून नव्हे. तो एकदां वापरला म्हणजे पहिले उपाय महाग होतात म्हणून. १९५८ सालीं साम म्हणजे एक ठराव लक्षपूर्वक वाचणें होतें, आणि दान म्हणजे १५ लाख रुपये. तेंच साम १९८६ सालीं एका मुख्यमंत्र्याच्या खुर्चीस पडलें, आणि मधल्या काळांत एका संबंध पिढीचें बालपण कुंपणांत गेलें. बंडखोरास आवरणें आणि त्याच्या गांवास शिक्षा करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलें सरकारचें कर्तव्य होय. दुसऱ्यानें बंडखोरांची भरती वाढते.

या हकीकतीची अखेर आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. २००७ सालीं पुन्हां बांबू फुलला. त्या वेळीं मिझोरामचे मुख्यमंत्री होते झोरामथंगा, म्हणजे रानांत लालडेंगाच्या बरोबर असलेला त्याचा उजवा हातच. या खेपेस म्हाताऱ्यांच्या सांगण्यास कोणी भोळेपणा म्हटलें नाहीं. केंद्राचें व राज्याचें सरकार काहीं वर्षें आधींच तयारीस लागलें होतें. उंदराच्या प्रत्येक शेपटीमागें रोख बक्षीस लावलें, आणि बाहेरून तांदूळ आणण्याची तजवीज केली. पिकाची हानि मोठी झाली व लोकांचे हालहि झाले. परंतु ज्या भुकेंतून बंड उठलें होतें, त्याच भुकेचा सामना या वेळीं सरकार आणि पूर्वींचे बंडखोर यांनीं एका बाजूस उभें राहून केला.

तो बांबू आतां २०५५ च्या सुमारास फुलेल. आज आपल्या घरांत पाटी-पुस्तक घेऊन बसलेलीं मुलें तेव्हां कर्तीं माणसें असतील. कोणी कचेरींत बसेल, कोणी सैन्यांत असेल, कोणी वर्तमानपत्रांत लिहील. दूरच्या डोंगरांतून आलेला एखादा कागद त्यांच्याहि मेजावर पडेल, आणि त्यांतील गाऱ्हाणें त्यांस प्रथमदर्शनीं वेडगळ वाटेल. तो कागद बाजूस सारण्यापूर्वीं त्यांनीं पुन्हां एकदां वाचावा, एवढी संवय त्यांस आजच घरांत लागली पाहिजे. ती लागण्याची जागा म्हणजे आपली जेवणाची पंगत. तेथें सर्वांत धाकट्याचें ताट वाढलें आहे कीं नाहीं, हें सर्वांत वडिलांनीं पाहावें, आणि तो कांहीं सांगूं लागला तर त्यास पुरतें बोलूं द्यावें.